उत्तरेकडच्या गॅलरीतील मायक्रोमोल

नाशिकच्या इंदिरानगरातील सदनिकांमध्ये मोजमापाच्या बाबतीत हयगय सहसा खपवून घेतली जात नाही. गच्चीवरील टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून जॉगिंग ट्रॅकवरील फेऱ्यांपर्यंत आणि गॅस सिलिंडर किती दिवस पुरला येथपासून सोसायटीच्या देखभालखर्चाच्या शेवटच्या रुपयापर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंद होते, खातरजमा होते आणि वेळप्रसंगी तिच्यावरून वार्षिक सभेत दोन तास भांडणही होते. याला ठळक अपवाद एकाच गोष्टीचा आहे, आणि ती म्हणजे घरातील कुंड्यांवर पडणारा उजेड. तो आजही 'भरपूर', 'तसा बरा' आणि 'येतो की दिवसभर' या तीन एककांत सांगितला जातो. त्यांपैकी पहिले एकक सदनिका विकणाऱ्या दलालाने रूढ केले, दुसरे ती विकत घेऊन बसलेल्याने, आणि तिसरे प्रामुख्याने मनीप्लँट गेल्यानंतरच्या चर्चेत ऐकू येते.

या ढिलाईचे मूळ माणसाच्या डोळ्यात आहे, आणि डोळ्यावर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक, म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठभागावर डोळ्याला जाणवणारा किती प्रकाश पडतो त्याचे माप. या मापाने एप्रिलच्या भर दुपारी वडाळा-पाथर्डी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या टोपीवर एक लाखाच्या आसपास लक्स पडतात. तोच माणूस घरी येऊन सोफ्यावर टेकला की त्याच्या सभोवती दोनशे लक्स असले तरी पुष्कळ झाले. आणि कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना ज्या चांदण्याला तो 'लख्ख' म्हणतो, ते जेमतेम पाव लक्स भरते. टोपी आणि दूध यांमधील तफावत चार लाखपटींची असूनही तिन्ही ठिकाणी त्याला शेजाऱ्याचा चेहरा बिनचूक ओळखता येतो, कारण डोळ्याची बाहुली लहानमोठी होते आणि नेत्रपटल आपली संवेदनशीलता परिस्थितीनुसार कमीजास्त करून घेते. डोळ्याची घडण उजेडाचा हिशेब ठेवण्यासाठी झालेली नसून हिशेबातील तफावत झाकण्यासाठी झालेली आहे, आणि या कामात तो कोणत्याही मुरलेल्या लेखापालाला हार जाणार नाही.

वनस्पतीला ही सवलत नाही. पानातील हरितद्रव्य प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, मोजून वेचते आणि त्यांच्या भांडवलावर हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करते. म्हणून वनस्पतीचा उजेड मोजताना एका चौरस मीटरवर दर सेकंदाला ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन पडले हे पाहतात आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे साठ कोटी अब्ज फोटॉन, हा आकडा ऐकून कुणालाही आपल्या घरी समृद्धी नांदते आहे असे वाटू शकते. परंतु भर उन्हात असे दोन हजार मायक्रोमोल पडतात आणि सोफ्याशेजारच्या कुंडीच्या वाट्याला तीन-चार येतात. ज्या तीव्रतेला पानाची साखरेची कमाई आणि श्वसनावरील खर्च यांची तोंडमिळवणी होते, तिला प्रकाशाचा समतोल बिंदू म्हणता येईल. सावलीत रमणाऱ्या जातींतही तो दहा मायक्रोमोलच्या आसपास असू शकतो. याचा अर्थ असा, की टीव्हीच्या बाजूला ठेवलेले शोभेचे झाड रोजच्या रोज मुदलात हात घालत असते. स्नेक प्लँटसारख्या जाड पानांच्या झाडाचे मुदल इतके दांडगे असते की ते संपायला वर्ष लोटते, आणि तोवर घरातील मंडळी 'याला उजेड लागतच नाही हो' असा सिद्धान्त मांडून त्याच झाडाची पिल्ले चार नातेवाइकांना वाटून मोकळी झालेली असतात.

दिशांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात सूर्याखेरीज इतरही देवतांचा हस्तक्षेप असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशाच्या लगत आहे. त्यामुळे डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंश उंचीवर राहतो आणि दक्षिणेच्या सात फुटी दारातून ऊन जवळजवळ तितकेच फूट आत येते. उलट मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य डोके ओलांडून किंचित उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तिकडेच मुक्काम करतो. उत्तरेच्या गॅलरीला ही वर्षातील एकमेव संधी. पण त्या दिवसांत सूर्य इतका माथ्यावर असतो की वरच्या मजल्यावरील गॅलरीचा स्लॅब ते ऊन परस्पर खाऊन टाकतो, आणि स्लॅबच्या तावडीतून काही सुटलेच तर जूनच्या मध्यानंतर त्याचा बंदोबस्त ढग करतात. वास्तुशास्त्राने उत्तर दिशा कुबेराला आणि दक्षिण दिशा यमाला बहाल केलेली असल्यामुळे इंदिरानगरात काय किंवा अन्यत्र काय, उत्तरेच्या सदनिकेसाठी पदरमोड करणारे पुष्कळ भेटतात. मात्र कुबेराच्या दिशेला ठेवलेला मोगरा कळी धरायला तयार नसतो आणि यमाच्या दिशेला जास्वंद थंडीतही फुलत राहते, ही विसंगती कोणत्याही वास्तुतज्ज्ञाने अद्याप समाधानकारकरीत्या मिटवलेली नाही. त्यातून खिडकीची काच, तिच्यावर महामार्गावरून येऊन बसलेली धूळ, मच्छरजाळी आणि वाळत घातलेली दुहेरी चादर यांपैकी प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो आणि उरलेले झाडाला देतो.

अशा स्थितीत उपकरणाकडे वळणे क्रमप्राप्त ठरते, आणि उपकरणाचा इतिहास पाहता त्याचे जन्मस्थान गोदाकाठापासून बरेच दूर आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८६० मध्ये लंडनच्या गॅसदिव्यांचा उजेड ठरवण्यासाठी एक प्रमाण मेणबत्ती कायद्याने निश्चित केली. ती स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातील मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन जळणारी असावी, असा दंडक होता. तशा मेणबत्तीपासून एक फुटावर पडणाऱ्या उजेडाला फूट-कँडल म्हणू लागले, आणि ते सुमारे पावणेअकरा लक्स भरते. भौतिकशास्त्राने पुढे देवमाशाला मोकळे केले, परंतु घरातील झाडांवरच्या अमेरिकी पुस्तकांनी केले नाही; म्हणून चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या एखाद्या घरातही तुळशीला किती उजेड हवा याचे उत्तर आजतागायत देवमाशाच्या मेणबत्त्यांत दिले जाते.

लक्समीटर घरात येतो तो बहुधा अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून. तेथील कारखान्यांत कामाच्या जागी पुरेसा उजेड आहे की नाही हे तपासावे लागते, त्यामुळे गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या रहिवाशाला हे यंत्र सुपरिचित असते आणि शनिवार-रविवारपुरते ते घरी आणण्याची त्याची इच्छा अनावर होते. मोजणीचा विधी पाहण्यासारखा असतो. पांढऱ्या घुमटाचा संवेदक पानाच्या पातळीवर आडवा ठेवला जातो, तारेच्या दुसऱ्या टोकाशी आकडा उमटतो, आणि तो वाचण्यासाठी घरातील सर्व वयोगटांची माणसे एकाच वेळी कुंडीवर वाकतात. त्यांच्या सावल्या संवेदकावर पडल्यामुळे आकडा झपाट्याने उतरू लागतो, आणि 'बघ, मी म्हणतच होते, इथे उजेडच नाही' हा निष्कर्ष उपस्थितांच्या सहभागातून सिद्ध होतो. सर्वांना चार पावले मागे हटवून घेतलेले वाचन पहिल्यापेक्षा दुप्पट निघाले, तरी तोवर निर्णय झालेला असतो.

तथापि खरी अडचण सावल्यांची नसून यंत्राच्या निष्ठेची आहे. लक्समीटर माणसाच्या डोळ्याची बाजू घेतो. डोळ्याला सर्वाधिक जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळसर हिरवा प्रकाश. ६६० नॅनोमीटरचा गडद तांबडा त्याला त्याच्या सहा टक्क्यांइतकाच जाणवतो आणि ४५० नॅनोमीटरचा निळा त्याहूनही कमी. लक्समीटरला याच पक्षपाताचे शिक्षण दिलेले असते. पानाची आवड निराळी आहे, हे टेक्सासमध्ये कीथ मॅक्री या संशोधकाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून दाखवले. बावीस जातींची पिके तपासून त्यांनी कोणत्या तरंगलांबीला पान किती काम करते याचा आलेख मांडला, त्यात तांबड्याने बाजी मारली, आणि पाने हिरवा प्रकाश नुसताच परतवून लावतात या शालेय समजुतीला मात्र आधार मिळाला नाही, कारण हिरव्यावरही त्यांचे काम बऱ्यापैकी चालते. पानाच्या बाजूने फोटॉन मोजणारे खास मीटरही मिळतात. चांगल्या प्रतीच्या अशा मीटरची किंमत तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते आणि पन्नास रुपयांच्या मनीप्लँटसाठी तेवढी रक्कम मंजूर करणारे कुटुंब अजून तरी पाहण्यात नाही. काटकसरीचा मार्ग असा, की उन्हातील लक्सच्या आकड्याला ५४ ने भागावे आणि पांढऱ्या एलईडीखालच्या आकड्याला ६५ ते ७० ने. उत्तर मायक्रोमोलमध्ये मिळते आणि ते कुंडीपुरते पुरेसे असते.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्याकडे मोबाइल असतो. त्याच्या वरच्या कडेला, कानाला लागणाऱ्या भागाजवळ, पडद्याची चमक कमीजास्त करण्यासाठी एक चिमुकला संवेदक बसवलेला असतो आणि फुकट मिळणारी अॅप त्याच्याकडूनच लक्सची साक्ष काढतात. त्या बिचाऱ्याला आयुष्यात एवढेच काम नेमून दिलेले आहे की मालक उन्हात आहे की अंधारात हे ढोबळमानाने ओळखावे. त्याच्यावर तुरुंगातील पाहऱ्यासारखी काच आणि तिच्यावर दुसरी संरक्षक काच चिकटवलेली असल्यामुळे एकाच पानावर एका फोनने आठशे आणि दुसऱ्याने चारशे दाखवणे मुळीच अशक्य नाही. अशा वेळी ज्याचा फोन महाग त्याचा आकडा खरा, या तत्त्वावर वाद मिटवला जातो. फोनचा प्रामाणिक उपयोग तुलनेपुरता आहे, म्हणजे एकच फोन, एकाच पद्धतीने धरून, खिडकीपाशी आणि कपाटापाशी पाहावा. पण तेवढ्यासाठी तर हाताची सावलीही चालते. पानाच्या फूटभर वर पंजा धरला असता सावलीची बोटे स्पष्ट सुटी दिसली तर उजेड सणसणीत, नुसता पंजाचा धूसर आकार दिसला तर मध्यम, आणि काहीच दिसले नाही तर कुंडी उचलावी. ही चाचणी विनामूल्य असून तिला चार्जिंग लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती लोकप्रिय होऊ शकलेली नाही.

खिडकीने दगा दिला की दिव्याचा विचार सुरू होतो, आणि येथे अंतर नावाची गोष्ट सर्वांचे हिशेब चुकवते. साधी चार फुटी, २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार लुमेन देते. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण दृश्य प्रकाश, आणि त्यातला चौरस मीटरमागे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे लक्स. बिंदूएवढ्या लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई होते, हा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो. लांब ट्यूबच्या अगदी जवळ तो जसाच्या तसा चालत नाही, तेथे अंतर दुप्पट केल्यास तीव्रता निम्म्याहून थोडी खाली येते. ढोबळ हिशेब करायचा तर या ट्यूबच्या एक फूट खाली अडीच हजार लक्स मिळतात, चार फुटांवर चारशे, आणि ती नेहमीप्रमाणे छताला लावून कुंडी सात फूट खाली ठेवली तर दीडशेच्या आत-बाहेर. वनस्पतिशास्त्राचा कौल त्यामुळे निःसंदिग्ध आहे: ट्यूब कुंडीच्या डोक्यावर फूटभर अंतरावर टांगावी. गृहशोभेचा कौलही तितकाच निःसंदिग्ध आहे: बैठकीच्या खोलीत कंबरेएवढ्या उंचीवर दोऱ्यांनी टांगलेली पेटती ट्यूब म्हणजे भेळेची गाडी. दोन्ही पक्षांनी ताणून धरल्यानंतर ट्यूब सुमारे चार फुटांवर येऊन स्थिरावते, जेथे ती दिसायलाही बरी नसते आणि झाडालाही पुरत नाही. पानाला सहाएक मायक्रोमोल मिळतात, म्हणजे समतोल बिंदूही गाठला जात नाही, परंतु घरात शांतता नांदते.

हौस याही पुढे गेली की खास ग्रो लाइट येतो. ज्या काळात पांढरी एलईडी महाग होती त्या काळापासून हे दिवे तांबड्या आणि निळ्या दिव्यांच्या मिश्रणाने जांभळट गुलाबी दिसत आलेले आहेत, आणि रात्री आठच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरील एखादी खिडकी त्या रंगाने उजळून निघाली की समोरच्या इमारतीत तर्कांना ऊत येतो. ब्यूटी पार्लर, मुलाचे नवे फॅड आणि कर्ज असे तीन तर्क क्रमाने मांडले जातात. कोथिंबीर हा चौथा तर्क कुणाच्या मनाला शिवत नाही. दिव्याच्या खोक्यावर ठळकपणे छापलेले '१००० वॅट' हे प्रत्यक्ष वीजवापर नसून जुन्या प्रकारच्या कोणत्या तरी दिव्याशी केलेली बरोबरी असते, आणि खरा आकडा शंभराच्या घरात असल्याचे घरातील विजेचा मीटर सांगतो. संशयग्रस्त मालक मग लक्समीटर लावतो. तो यंत्रपुरुष तांबड्या-निळ्याला किंमतच देत नसल्यामुळे आकडा दीनवाणा येतो, मालक दिवा खाली खाली आणत जातो, आणि चार दिवसांनी पानांच्या कडा करपल्यावर नर्सरीवाल्याकडून बुरशीचे औषध घेऊन येतो.

या सगळ्या उद्योगाकडे दिंडोरी किंवा पिंपळगाव बसवंत भागातून आलेला द्राक्षबागाईतदार नातेवाईक ज्या नजरेने पाहतो, तिचे वर्णन करणे अवघड आहे. उजेडाचा हिशेब त्याच्याइतका जिवावर उदार होऊन कुणीच करत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीवरील डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात ठरत असतो, आणि त्या दिवसांत डोळ्यावर पुरेसे ऊन पडले नाही, मग ते ढगाळ हवेमुळे असो वा काड्यांच्या दाटीमुळे, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. म्हणून तो काड्यांची विरळणी करतो आणि मांडवाखाली उभा राहून खालच्या मातीवर उन्हाचे कवडसे किती पडले ते पाहतो. अशा माणसाला चहासोबत मायक्रोमोलची कथा ऐकवली असता तो दिव्याकडे, कुंडीकडे आणि यजमानाकडे आळीपाळीने पाहून म्हणतो, "पाव्हणं, एवढा उजेड इकत घ्यायपरीस कुंडी गच्चीवर न्यायला काय झालं?" प्रश्न निरुत्तर करणारा असला तरी त्याला उत्तर आहे: गळतीच्या कारणास्तव गच्चीवर कुंड्या ठेवण्यास सोसायटीच्या सभेत ठरावाने मनाई झालेली असते, आणि त्या ठरावाला सूचक म्हणून बहुधा यजमानाचेच नाव असते.

घरात ठेवलेल्या रोपाकडे शास्त्रशुद्ध चिकाटीने पाहणारा माणूस नाशिक जिल्ह्याला अपरिचित नाही. इंदिरानगरापासून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे ते त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा रोखून रोज थोड्या थोड्या चित्रचौकटी टिपत 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट तयार केला, आणि तो पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. प्रकाशमापनाच्या दृष्टीने ही घटना मोठी मौजेची आहे, कारण त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला हपापलेली असे आणि तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे ज्या उजेडावर रोप सर्वांत खूश, त्याकडे फिल्मचे दुर्लक्ष, आणि फाळक्यांच्या डोळ्यांची पसंती तिसऱ्याच रंगाला. तिघांपैकी खरे मोजमाप रोपाचेच होते, असे म्हटले पाहिजे. ते आपले वाचन शरीरावर लिहून ठेवते: दोन पेरांमधील अंतर वाढू लागले, खोड खिडकीकडे मान वळवू लागले, नवी पाने जुन्यांहून लहान निघू लागली, की उजेड अपुरा आहे. या मीटरचा दोष एवढाच, की तो पंधरा दिवस उशिरा बोलतो आणि तोवर घरातील दोन जणांनी खत आणि तिघांनी पाणी वाढवलेले असते.

शेवटी हिशेब तीव्रतेवर थांबत नाही, कारण झाडाला दिवसभराची एकूण मिळकत कळते. दर सेकंदाच्या मायक्रोमोलांना उजेडाच्या एकूण सेकंदांनी गुणून दहा लाखांनी भागले की दिवसाचे मोल मिळतात. फूटभर अंतरावरील एका ट्यूबचे सदतीस मायक्रोमोल चौदा तास चालू ठेवले तरी दोन मोलही भरत नाहीत, आणि पालेभाजीला बारा-पंधरा मोल लागतात. म्हणजे कोथिंबिरीच्या एका ट्रेवर सात-आठ ट्यूब, दिवसाला सुमारे दोन युनिट, आणि चाळीस दिवसांत जुडी तयार झाली असे धरले तर ऐंशी युनिटांच्या आसपास वीज. भाव कोसळल्यावर शेतकऱ्यांना कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर फेकून द्याव्या लागतात अशा जिल्ह्यात हा उत्पादनखर्च कागदावर मांडण्याचे धाडस कुणी करत नाही. व्यवहारचतुर घरांत म्हणून मधला मार्ग निघालेला आहे: बाजारातून आणलेली जुडी मुळांसकट पेल्यातील पाण्यात उभी करून ट्यूबखाली ठेवायची, पाहुण्यांकडून तिच्या तजेल्याचे कौतुक करून घ्यायचे, आणि त्यांनी विचारलेच तर तिच्यावर पडणाऱ्या उजेडाचा आकडा सांगायचा, दोन दशांश स्थळांपर्यंत.